काकू कारखान्यात जाऊन बसल्या, मग काय झालं?

आपल्याकडे घरातलं माणूस गेलं की मागे राहिलेल्यांची परीक्षा सुरू होते. परीक्षक म्हणजे भेटायला येणारी मंडळी. बाई रडली नाही तर "तिला रडवा कुणीतरी, आत साठून राहील." चार महिन्यांनी रडताना दिसली तर "आता पोरांकडे बघून सावर बाई." गंमत म्हणजे दोन्ही सल्ले बऱ्याचदा एकाच तोंडातून येतात.

आमच्या काकांचा सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलचा छोटा कारखाना. ते अचानक गेले. तेरावा झाला आणि त्याच आठवड्यात काकू कारखान्यात जाऊन बसायला लागल्या. सूतवाल्याचं देणं थकलेलं, कामगारांचा पगार तोंडावर आलेला. गल्लीत लगेच सुरू झालं, "नवरा जाऊन महिना नाही झाला आणि ही गल्ल्यावर बसली की ओ!" त्याच जानेवारीत त्या नातवाला घेऊन गड्ड्याच्या जत्रेला गेल्या, होम मैदानावर पाळण्यात बसल्या, भजी खाल्ली. झालं! काकू कोरड्या मनाच्या ठरल्या.

मी त्या पगाराच्या दिवशी त्यांच्या शेजारी बसलो होतो. मी नावं वाचत होतो, त्या हिशेब लावत होत्या. एका कामगाराच्या नावापुढं काकांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'उचल २०००, दिवाळीनंतर कापणे'. काकूंचं बोट तिथंच थांबलं. मग त्या जे रडल्या ते खडखडणाऱ्या मागांच्या आवाजातही ऐकू येत होतं. जरा वेळानं पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "हं, वाच पुढं. याचे आत्ता नको कापायला."

नेदरलँड्सच्या उट्रेख्त विद्यापीठातल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या दोघा शोक-अभ्यासकांनी १९९९ साली जे मांडलं, ते मला या प्रसंगामुळंच कळलं असं म्हणेन. त्यांच्या मांडणीला ड्युअल प्रोसेस मॉडेल म्हणतात. माणूस गेल्यावर मनापुढं दोन कामं असतात. एक, गेलेल्या माणसाकडं तोंड करून बसणं: आठवणी, फोटो, रडणं, तळमळणं. दुसरं, बदललेल्या आयुष्याकडं तोंड करणं: जी कामं तो माणूस करायचा ती शिकणं, नवी भूमिका निभावणं, आणि हो, मधूनमधून दुःखाला चक्क सुट्टी देणं. निरोगी शोक म्हणजे या दोन्हींत जा-ये करणं. एका दिवसात, एका तासातसुद्धा. पगाराच्या वहीसमोर काकू जे करत होत्या ते हेच.

यातलं दुसरं काम म्हणजे 'बरं होणं' नव्हे, हे लोकांच्या लक्षात येत नाही. तोही ताणच असतो. मृत्यूचा दाखला काढा, बँकेत वारसाचे कागद द्या, रेशनकार्डावरचं नाव कमी करा, मीटर नावावर करा. एका कार्यालयात तर काकूंना "अर्जदारानं स्वतः यावं" म्हणून परत पाठवलं. अर्जदार वर गेलेत, कसे येणार!

याआधीची समज वेगळी होती. फ्रॉइडनं १९१७ मध्ये मांडलं की शोक हे मनाचं काम आहे, गेलेल्या माणसापासून मन हळूहळू सोडवून घ्यायचं. त्यातून पुढं 'दुःखाला भिडलंच पाहिजे' हा जवळजवळ नियमच झाला. मग १९६९ मध्ये मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांचे पाच टप्पे (नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार) आले, जे आता व्हॉट्सअॅपवर फिरतात. ते टप्पे मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून मांडलेले. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवले गेले. काकू पाचव्या टप्प्यावर आहेत की दुसऱ्या, असं एका शिकलेल्या नातेवाइकानं खरंच विचारलं होतं. एसटीच्या थांब्यासारखं!

नावानं मात्र फसू नका. मानसशास्त्रात ड्युअल प्रोसेस नावाचं दुसरंही एक घराणं आहे, जास्त गाजलेलं. आपण विचार दोन तऱ्हांनी करतो, एक झटपट आणि आपोआप, दुसरी सावकाश आणि कष्टानं. स्टॅनोविच आणि वेस्ट या अभ्यासकांनी या दोन तऱ्हांना सिस्टिम १ आणि सिस्टिम २ म्हटलं, मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांच्या २०११ च्या पुस्तकानं ते घरोघरी नेलं. शेन फ्रेडरिक यांनी २००५ मध्ये बॅट आणि बॉलचं एक कोडं दिलं होतं. त्याचं सोलापुरी रूप घ्या: चादर आणि टॉवेल मिळून ११०० रुपये, चादर टॉवेलपेक्षा १००० रुपयांनी महाग, तर टॉवेल कितीचा? जिभेवर १०० आलं ना? उत्तर ५० आहे. (डोक्यात असे दोन कप्पे खरोखर नसतात, बोलण्याच्या सोयीसाठी केलेली ती पात्रं आहेत, हे काहनेमन यांनी स्वतःच लिहिलंय.)

या घराण्याचा शोकाशी थेट संबंध नाही. पण भेटायला येणाऱ्यांशी आहे. "पाळण्यात बसली, म्हणजे दुःख नाही" हे टॉवेलच्या १०० रुपयांसारखं उत्तर आहे. लगेच सुचतं, बरोबर वाटतं, आणि कुणी वही काढून ताळा करत नाही.

तेराव्यानंतर गोडाचं जेवण घालण्याची आपली रीत मला म्हणूनच आवडते. तुम्ही परत या, असं समाज निदान सांगतो तरी. अडचण एवढीच की परत यायची तारीख तो ठरवतो आणि वाट एकेरी धरतो.

कुणी खरंच एकाच बाजूला रुतून बसतं, वर्ष उलटलं तरी रोजचं जगणं ठप्प असतं, तेव्हा डॉक्टरकडंच जायला हवं. २०२२ पासून अमेरिकी मनोविकार नियमावलीत त्याची स्वतंत्र नोंद आहे. पण गड्ड्याला जाणं हे त्याचं लक्षण नाही.

आणि पुरुषांचं काय? शुट आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये जोडीदार गमावलेल्यांवर दोन प्रकारचं समुपदेशन करून पाहिलं. विधुरांना भावनांवर बोलण्याचा जास्त फायदा झाला, विधवांना व्यवहारी अडचणी सोडवण्याचा. म्हणजे आपण नेमकं उलटं करतो. बाईला रडवतो आणि पुरुषाला कामाला लावतो.

आमच्या शेजारचे एक निवृत्त गृहस्थ पत्नी गेल्यावर चौथ्या दिवशी सकाळी फिरायला कंबर तलावावर हजर. सगळे म्हणाले, किती खंबीर! तेव्हापासून आम्ही त्यांच्याशी फक्त पाऊस, पेन्शन आणि पाणी किती दिवसाआड येतं यावर बोलतोय. या रविवारी मी त्यांच्याकडं जाणार आहे. वहिनींची शेंगाचटणी फार नावाजलेली होती, त्यात त्या काय घालायच्या, हे विचारून सुरुवात करावी म्हणतो.