आई सावत्र केली की झालं?

आज डोकं फिरलंय, पोस्ट लांबणार. ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे सरका.

आमच्या सोसायटीत महिन्यातल्या एका रविवारी पोरांना गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे असतं. फुकट, हौसेनं. आज हॅन्सेल-ग्रेटेल सांगितली. तीही ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापली तशी. घरात पोटाला नाही, आणि आई नवऱ्याला म्हणते, पोरांना रानात सोडून येऊ. सख्खी आई बरं का. ती सावत्र झाली पुढे, १८४० च्या आवृत्तीत.

गोष्ट संपल्यावर एक गृहस्थ आले. बोलणं अगदी सभ्य. "मॅडम, आईवडील असं करतात हे मुलांच्या डोक्यात कशाला घालायचं?" संध्याकाळी ग्रुपवर कमिटीचा मेसेज, पुढच्या वेळी गोष्ट आधी दाखवून घ्यावी.

त्याच गोष्टीतल्या चेटकीण म्हातारीला भट्टीत ढकलून जिवंत जाळली, त्याबद्दल चकार शब्द नाही! तिथे पोरांनी टाळ्या पिटल्या. त्या गृहस्थांनीही पिटल्या, मी पाहिलंय.

ज्या गावाचं नावच कापलेल्या नाकावरून पडलं असं आपण पाहुण्यांना कौतुकानं सांगतो, शाळेच्या सहली तपोवनात नेऊन दाखवतो, त्या गावात हे.

पंचवटीतल्या आमच्या वाड्यात लाईट गेले की आजी चिलयाची गोष्ट सांगायची. शंकर अतिथी होऊन दारात येतो आणि श्रियाळ-चांगुणेकडे त्यांच्याच लेकाचं मांस मागतो. चांगुणा पोराचं शिर उखळात घालून कांडते. डोळ्यात पाणी आणायचं नाही, म्हणून गाणं म्हणत कांडते. आमचं उखळ माजघरात जमिनीत पुरलेलं होतं, आणि मी त्याच्यापासून चार हातांवर झोपायचे. आजी मलाच चिलया करायची. कांडून झालं की मी चौकातल्या अंधारात जाऊन उभं राहायचं. शेवटी देव म्हणतो, पोराला हाक मार. मग आतून आजीची हाक यायची, "चिलया, ये रे बाळा!" आणि मी धावत जाऊन तिच्या मांडीवर आदळायचे.

तर मुद्दा. हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी १८१२ च्या पुस्तकात तिची सख्खी आई आहे. १८१९ मध्ये ती सावत्र केली. शेवटी तिला तापलेल्या लोखंडी जोड्यांत मरेपर्यंत नाचवतात, ते मात्र तसंच ठेवलं. सिंड्रेलाच्या बहिणी बुटात पाय बसावा म्हणून एक अंगठा कापते, दुसरी टाच. तेही राहिलं. रक्त चाललं, आग चालली. आई वाईट असू शकते, एवढंच चाललं नाही. म्हणजे ही झाकपाक कुणासाठी होती? पोरांसाठी? छे. आपली अब्रू राहावी म्हणून. आणि हॅन्सेल-ग्रेटेलचा तो बाप बघा! दोन्ही वेळा रानात सोडायला तोही जातो. पोरं परत येतात तेव्हा आई मेलेली, आणि बापाला मिठी.

मान्य, समोर एक चार वर्षांचं पिल्लू बसलं होतं आणि ते रडलं. मला दिसायला हवं होतं. चुकलं.

आणि चिलयाची गोष्ट मला आजही पटत नाही, हेही सांगून टाकते. देवाला परीक्षा घ्यायला कुणाचं तरी पोरच लागावं?

पण त्या चौकात मी उभी असायचे ना, ते विसरत नाही. आजी काही फार गोड बाई नव्हती. ज्या दिवशी मी उलट उत्तर दिलेलं असायचं, त्या दिवशी हाक उशिरा यायची. मुद्दाम. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर असला की पाण्याचा आवाज तिथपर्यंत यायचा, आणि मी पायाची बोटं फरशीत रुतवून उभी. मोठी माणसं हाक मारतीलच असं नाही, हे मला सातव्या वर्षी पक्कं माहीत होतं. कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्याच पोरांना माहीत असतं. फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या १६९७ च्या गोष्टीत लांडगा लाल टोपीवालीला खातो आणि गोष्ट संपते. तिला कुणी सोडवायला येत नाही. आजीकडे निदान हाक तरी होती.

राग जरा उतरलाय. मगाशी लेकीला विचारलं, घाबरलीस का गं आज? म्हणाली, "तू मला सोडशील का रानात?" मी म्हटलं, नाही. म्हणाली, "त्यांची आईपण आधी नाहीच म्हणाली असेल."

मग तिला चिलया सांगितला. उखळ नाही, मिक्सर आहे, पण समजलं तिला. पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिली, दिवा स्वतःच बंद केला. मी हाक मारली. आली नाही. परत मारली. काहीच नाही. शेजारच्या काकूंनी दार उघडून पाहिलं. मी चप्पल न घालताच बाहेर धावले, तर लिफ्टच्या बाजूच्या अंधारातून आवाज आला,

"अजून एकदा मार ना."