आघात पहिल्या पदावर, पहिल्या अक्षरावर नव्हे

डच शब्दांवरच्या तुमच्या लेखात डच नामांचा आघात (उच्चारातला जोर) शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो असं म्हटलंय. ‘आखेंडा’ (अजेंडा, कार्यक्रमपत्रिका) सारख्या साध्या शब्दांना ते बरेचदा लागू पडतं, पण जोडशब्दांना नाही. तिथे मुख्य आघात पहिल्या पदाकडे (जोडलेल्या शब्दांपैकी पहिल्याकडे) जातो आणि त्या पदात तो मूळचा जिथे असतो तिथेच राहतो. म्हणून ‘फरझेकरिंग्सपोलिस’ (विमापत्र) मध्ये जोर ‘झे’वर, ‘फर’वर नाही. ‘स्टाटहाउस’ (नगरभवन) हा अपवाद मात्र पाठच करावा, त्यात जोर ‘हाउस’वर.

लांबलचक शब्द मागून फोडा. ‘आर्बाइट्सऑनखस्खिक्टहाइट्सफरझेकरिंग’: फरझेकरिंग म्हणजे विमा, त्याआधी ऑनखस्खिक्टहाइट म्हणजे अक्षमता, सगळ्यात पुढे आर्बाइट म्हणजे काम. अक्षरं १०, मधले दोन ‘स्’ निव्वळ सांधे. लिंग शेवटचं पद ठरवतं, आपल्या ‘देवघर’सारखंच.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या शब्द तोडून लिहिल्याने. ‘लांगआफस्टांट्सलोपर’ सलग लिहिला तर लांब पल्ल्याचा धावपटू. ‘लांग’ सुटा लिहिला की तोच उंच धावपटू होतो. बोलताना हा फरक आघातातून कळू शकतो, लिहिताना तो फक्त जोडणी दाखवते. जोडशब्दांच्या आघाताची तेवढी दुरुस्ती लेखात जरूर करा.