एका बादलीचा हिशोब

आज सकाळी सव्वासातला सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो पडला. वॉचमनच्या केबिनमधली लोखंडी कॉट, तिच्यावर वायर गुंडाळलेला पाणी तापवायचा रॉड, शेजारी निळी बादली. खाली खजिनदारांचा मजकूर : ‘कॉमन लाइट बिल का वाढले याचा उलगडा झाला आहे. रॉड जप्त करण्यात आला आहे. तसेच पार्किंगमधील शेकोटीमुळे पेव्हर ब्लॉक काळे पडत आहेत. पुन्हा आढळल्यास एजन्सीला कळवून पगारातून ५०० रुपये कापले जातील.’

जप्त! गांजा सापडल्यासारखं.

त्याखाली धडाधड अंगठे. मग दहा मिनिटांनी बी विंगमधून दुसरा मेसेज, रविवारी हुरडा पार्टी, माणशी ७५०, गुलाबी थंडी पडलीये, कोणी मिस करू नका. त्यालाही अंगठे. बरेचसे तेच.

मी डबा भरता भरता हे वाचलं आणि माझं डोकं फिरलं. ऑफिसला उशीर होणार आहे, होऊ दे.

आमचे वॉचमनकाका सुरगाण्याकडचे. रात्री आठ ते सकाळी आठ ड्युटी. एजन्सी सोसायटीकडून किती घेते ते कमिटीला माहीत, काकांच्या हातात अकरा हजार पडतात. त्यात भागत नाही म्हणून पहाटे साडेपाचपासून आपल्याच गाड्या धुतात. गार पाण्याने. नाशिकमध्ये डिसेंबरात पहाटे साडेपाचला नळाचं पाणी कसं असतं हे ज्यांनी गेल्या कित्येक वर्षांत गिझर चालू केल्याशिवाय नळाला हात लावला नाही त्यांना काय सांगायचं? परवा मी गाडीची किल्ली द्यायला गेले तर त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. मला वाटलं वायरिंगचं काही करताना लागलं. तर म्हणाले, ‘भेगा पडल्यात ताई, पाणी गेलं की झोंबतं, टेपनं पाणी आत जात नाही.’ तर असा हा माणूस गाड्या झाल्यावर एक बादली गरम पाणी घेऊन आंघोळ करतो आणि नऊच्या ठोक्याला दुसऱ्या ठिकाणी माळीकामाला हजर होतो. ती बादली आपण जप्त केली.

आता माझ्या घरची गोष्ट. जुन्या मित्रमैत्रिणींना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. पंचवटीत आम्ही भाड्याच्या एका खोलीत राहायचो, आम्ही तिघं भावंडं आणि आई-बाबा. बाबा सातपूरला कंत्राटी कामगार. सहा बिऱ्हाडांना मिळून एकच मीटर, आणि घरमालक अण्णा लाइटचे पैसे पॉइंटवर घ्यायचे. एक बल्ब, एक पंखा, एवढंच. इस्त्री नाही, शेगडी नाही, रॉड तर नाहीच नाही. मीटर जिन्याखाली. जुनं मीटर, आत आडवं अॅल्युमिनियमचं चाक आणि त्यावर एक लाल खूण. बल्ब-पंख्यावर ती लाल खूण रमतगमत फिरायची. रॉड लावला की गरगर. अण्णा सकाळी दूध आणायला निघाले की जिन्याखाली थांबून ती खूण बघायचे. म्हणून आई पहाटे चारला उठून रॉड लावायची, अण्णा उठायच्या आत. आणि मला जिन्यात उभं करायची, वर अण्णांच्या दाराची कडी वाजते का ते ऐकायला. सातवीत होते मी. स्वेटरच्या बाह्या ओढून हात आत घ्यायचे आणि त्या लाल खुणेकडे बघत बसायचे. एका बादलीत आम्हा तिघांच्या आंघोळी. शेवटचा नंबर माझा, कारण मी मोठी. माझ्या वाट्याला यायचं ते पाणी गरम होतं असं म्हणायचं, एवढंच.

त्यामुळे रॉडचा फोटो पुराव्यासारखा ग्रुपवर टाकणाऱ्या माणसाबद्दल माझं मत काय असेल ते ओळखा.

बरं, हिशोबच करायचा ना? करू. रॉड १५०० वॅटचा, म्हणजे तासाला दीड युनिट. पंधरा लिटरची बादली हिवाळ्यात आंघोळीपुरती तापायला वीसेक मिनिटं, म्हणजे अर्धं युनिट. कॉमन मीटरचा वरच्या स्लॅबचा दर सगळे आकार धरून युनिटला बारा रुपये धरा. बादलीला सहा रुपये. महिन्याला एकशेऐंशी. आपले फ्लॅट चाळीस. घरटी साडेचार रुपये! अहो, तुमच्या हुरड्याबरोबरची शेंगदाण्याची चटणीसुद्धा येणार नाही एवढ्यात. बिल वाढलंय ते बी विंगची लिफ्ट आणि टेरेसवरचे रात्रभर जळणारे दोन हॅलोजन यांनी, पण हॅलोजन काढून त्याचा फोटो कोण टाकणार.

शेकोटीचं एक मान्य आहे. पार्किंगमध्ये पेट्रोलच्या गाड्या असतात, तिथे जाळ नको. आणि बादलीत रॉड टाकून चुकून हात घातला तर माणूस जातो, हेही खरं. ठीक. पण मग गेटबाहेर, मोकळ्या जागी पत्र्याच्या घमेल्यात पेटवू द्या की! तेही नको, कारण ‘सोसायटीचा लूक जातो’. हे वाक्य माझं नाही, ग्रुपवरचं आहे.

निफाड इथून तासाभरावर. २०१८ च्या डिसेंबरात तिथे पारा दोन अंशांच्या खाली गेला होता, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर नोंद आहे. अशी थंडी पडली की द्राक्षवाले रात्र-रात्र बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ड्रिपने पाणी सोडतात, मणी तडकू नयेत म्हणून. बरोबरच करतात, वर्षाचं पीक आहे त्यांचं. घडाला ऊब लागते हे या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही कळतं. वॉचमनला लागते हे मात्र ठराव करून समजावून सांगावं लागतंय.

थंडी सगळ्यांना सारखी असते म्हणणाऱ्यांनी एकदा गरिबाच्या घरातला डिसेंबर वहीत मांडून बघावा. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशींचा सिलिंडर उन्हाळ्यात दोन महिने जातो. आता सव्वा महिन्यात संपतो, कारण चार माणसांचं आंघोळीचं पाणी त्याच्यावरच तापतं. पूर्वी रेशनचं निळं रॉकेल होतं, ते गेलं. आमच्या आजीकडे तांब्याचा बंब होता, त्यात चिपाडं, भुसा, पाचोळा काय वाट्टेल ते जळायचं. मावशींच्या पत्र्याच्या खोलीत बंब कुठे ठेवणार? राहिला गॅस. साडेआठशेच्या वर सिलिंडर. आता कोणीतरी येऊन सांगेल, ‘उज्ज्वलाची सबसिडी आहे की, अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर फुकट आहेत की.’ आहेत. मान्य. पण पैसे आधी स्वतःच्या खिशातून भरायचे, मग यथावकाश खात्यात येतात. ज्या बाईकडे वीस तारखेला दीडशे रुपये उरलेत तिने ते आधीचे साडेआठशे आणायचे कुठून? मावशी मग पाच किलोच्या छोट्या टाकीत किलोवर गॅस भरून आणतात. किलोमागे महाग पडतो हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. पण दोन किलोचे पैसे असतात, चौदा किलोचे नसतात. गरिबाला सगळं सुटंच घ्यावं लागतं आणि सुटं नेहमी महाग.

विजेचंही तेच. महावितरणचा पहिला स्लॅब शंभर युनिटचा. एका खोलीचं घर सत्तर-पंच्याहत्तर युनिटमध्ये भागतं. हिवाळ्यात रोज तीन बादल्या रॉडने तापवल्या की महिन्याला पंचेचाळीस युनिट वाढले. म्हणजे गेलात शंभरच्या वर, आणि शंभरच्या वरच्या प्रत्येक युनिटला दर जवळजवळ दुप्पट. लाल खूण गरगर फिरायला लागते ती इथे.

हिवाळ्यात भाजी स्वस्त होते, हे खरंय. मेथीची जुडी दहाला, वाटाणा आवाक्यात, मावशींच्या घरी याच दिवसांत काय ते हिरवं शिजतं. पण अंडी महागतात, पोरं खोकतात, खोकल्याचं औषध येतं, एका दिवसाची मजुरी जाते. आणि रात्रभर जागणाऱ्या माणसाला तीन वेळा चहा लागतो, दहा रुपयांचा एक. पगार तोच. थंडीचा भत्ता नावाची गोष्ट कुठल्या वॉचमनला मिळालेली मी तरी ऐकलेली नाही.

ब्लँकेटवाटपाचं तर बोलायलाच नको. दर डिसेंबरात चौकात बॅनर लागतो, दानशूरांचे चेहरे ब्लँकेटपेक्षा मोठे. पानिपतकडून येणारं ते जुन्या कपड्यांच्या धाग्यांचं करडं ब्लँकेट, एका धुण्यात त्याची जाळी होते. काकांना मागच्या वर्षी असं एक मिळालंय. केबिनच्या खिडकीला काच नाही तिथे पडदा म्हणून लावलंय. काच बसवायचा अर्ज कमिटीकडे पावसाळ्याआधीपासून पडून आहे.

थांबा, एक सांगितलं पाहिजे. खजिनदार माणूस वाईट नाही. रिटायर्ड आहेत, एक पैसा न घेता सोसायटीचे हिशोब सांभाळतात, टाकीचा बॉल कॉक अडकला की या वयात स्वतः वर चढतात. चाळीस घरांत दुसरं कोणी हे काम करायला तयार नाही, मीही नाही. आमचे अण्णासुद्धा तसे वाईट नव्हते. बाबांचं काम सुटलं तेव्हा दोन महिने भाड्याचा विषय काढला नाही त्यांनी. पण रॉड दिसला की बिथरायचे. भाडं सोडतील, चाक फिरलेलं सहन करणार नाहीत. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

आई आता माझ्याकडेच असते. गिझर आहे, बटण दाबायचं. तरी आई बटण दाबलं की बाहेर पॅसेजमध्ये जाऊन मीटरकडे एकदा बघून येते. आता चाक नाही, नुसता एक लाल दिवा लुकलुकतो. मी म्हणते, अगं बिल मी भरते, तुला कोण रागावणार आहे? म्हणते, बघायला काय जातं.

हे लिहितानाच ग्रुपवर नवीन मेसेज आलाय. शब्दशः देते : ‘त्यांना सवय असते हो थंडीची, ते आदिवासी भागातले आहेत, आपण उगाच इमोशनल होतोय.’

सवय! अण्णांनी आईला हेच ऐकवलं होतं, अख्ख्या चाळीसमोर. एका पहाटे मी जिन्यात पेंगले, कडी वाजलेली कळली नाही, आणि अण्णा थेट मीटरपाशी. ‘गावाकडं तर तुम्ही नदीवर जात असाल की आंघोळीला, मग इथं काय राजवाडा हवाय?’ आई पदर खोचून नुसती उभी. रॉड पाण्यातून काढला तसा हातात, त्यातून टपटप पाणी गळतंय. सवय कोणालाच नसते, पर्याय नसतो. सुरगाण्यात काकांच्या घरी रात्रभर चुलीत लाकूड धुमसतं, आजूबाजूला जंगल आहे, सरपण आहे. इथे त्यांच्या नशिबी फरशी, शटर आणि तुमचे पेव्हर ब्लॉक. आणि हा सवयीचा मेसेज टाकणाऱ्या सद्गृहस्थांनी कालच विचारलं होतं की ऑइल हीटर कोणत्या कंपनीचा चांगला. नाशिकमध्ये! ऑइल हीटर! तिथे नाही आठवली सवय.

बरं. आता कामाचं.

आपल्या टेरेसवर सोलर आहे. सगळ्यांच्या आंघोळी होऊनही त्यातलं गरम पाणी उरतं, टाकीत तसंच पडून असतं. ए विंगची गरम पाण्याची उभी लाइन पहिल्या मजल्यापर्यंत आलेली आहे. तिथून खाली वॉचमनच्या मोरीपर्यंत जेमतेम वीस फूट. एक टी, एक व्हॉल्व्ह, एक नळ. पाणी वाटेत गार होऊ नये म्हणून पाइपवर थोडं फोम गुंडाळलं की झालं. विजेचं बिल शून्य, जाळ नाही, शॉकची भीती नाही, ब्लॉक गोरे राहतील. मी हे ग्रुपवर टाकलंय. ‘मीटिंगमध्ये घेऊ’ असं उत्तर आलंय. मीटिंग फेब्रुवारीत आहे.

फेब्रुवारीपर्यंत थांबायची माझी तयारी नाही. खर्च मी आणि तिसऱ्या मजल्यावरची माझी मैत्रीण निम्मा-निम्मा करतोय, परवानगीचा अर्ज आज संध्याकाळी सेक्रेटरींच्या हातात देणार, पोच घेऊन. रॉडही परत मागणार, तो काकांच्या पैशाचा आहे, सोसायटीच्या नाही. तोवर काकांची बादली आमच्या बाथरूममधून खाली जाईल, आईने सकाळीच पहिली पाठवली.

पाथर्डी फाटा, इंदिरानगर भागात सोलर लाइनचं काम नीट करणारा प्लंबर कोणाच्या ओळखीत असेल तर इनबॉक्समध्ये नंबर टाका. सीपीव्हीसीचं, म्हणजे गरम पाण्याला टिकणाऱ्या प्लास्टिक पाइपचं, काम येणारा हवा. मागच्याने साधा पांढरा पीव्हीसी टाकला होता, तो गरम पाण्याने वाकला. रविवारी येऊ शकणारा असेल तर फारच बरं, त्या दिवशी अर्धी सोसायटी हुरड्याला गेलेली असेल, मध्ये मध्ये कोणी करणार नाही.