‘डॉक्युमेंट्री करायची तर डॉक्युमेंट्री पाहू नका’ : एका लाडक्या सल्ल्याचा प्रतिवाद

माहितीपट करू पाहणाऱ्या नवख्यांना हमखास मिळणारा एक सल्ला आहे. कुणी तो व्हिडिओतून देतो, कुणी पोस्ट टाकून. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा तोच : दुसऱ्यांचे माहितीपट पाहू नका, त्यांची छाप पडते आणि तुमची नजर बाटते. कथापटवाल्याला गुरू लागतात, कारण त्याला सगळं रचायचं असतं. तुमच्यासमोर तर साक्षात वास्तव आहे. पुरावा म्हणून दोन नावं पुढे केली जातात. पहिला रॉबर्ट फ्लाहर्टी, माहितीपटाच्या आद्य दिग्दर्शकांपैकी एक, त्याने कुणाला पाहिलं होतं? दुसरा अमेरिकन माहितीपटकार फ्रेडरिक वाइझमन, जो सिनेमापेक्षा पुस्तकांबद्दलच जास्त बोलायचा. ऐकायला झकास वाटतं, आणि आळशी माणसाची तर फारच सोय होते. मुद्दे एकेक करून घेऊ.

“वास्तव समोर आहे, कॅमेरा लावला की झालं.”

हा प्रयोग खुद्द रॉबर्ट फ्लाहर्टीने करून पाहिला आहे. ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ (1922) च्या आधी त्याने उत्तर कॅनडात तिथल्या मूळ रहिवाशांचं, इन्युइट लोकांचं भरपूर चित्रण केलं होतं. टोरांटोत सिगारेटची ठिणगी पडली आणि निगेटिव्ह जळून खाक झाली. एक प्रिंट मात्र वाचली. ती तो लोकांना दाखवत असे आणि ती त्याला स्वतःलाच आवडेना. एक प्रसंग इथला, एक तिथला, कशाचा कशाला मेळ नाही. वास्तव समोर होतं, कॅमेरा होता, प्रामाणिकपणाबद्दलही शंका नव्हती. नव्हती ती फक्त गोष्ट. मग तो परत गेला आणि एका माणसावर आणि त्याच्या कुटुंबावर थांबला. त्या ‘नानूक’चं खरं नाव अल्लाकारिआल्लाक. घरात बंदूक आलेली असताना पडद्यावर शिकार जुन्या हत्यारांनी होते. इग्लूत कॅमेरा मावेना आणि उजेडही पुरेना, म्हणून चित्रणासाठी मोठा, अर्धवट उघडा इग्लू बांधून घेतला. हे योग्य की अयोग्य यावर शंभर वर्षं भांडण चालू आहे, आणि ते चालू राहायलाच हवं. पण ‘कॅमेरा लावला की झालं’ असं पहिल्या गाजलेल्या माहितीपटातही झालेलं नाही.

“पहिल्यांनी कुणाला पाहिलं होतं?”

एडवर्ड कर्टिस या अमेरिकन छायाचित्रकाराला. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आदिवासींना घेऊन, त्यांचं पूर्वीचं जगणं त्यांच्याकडूनच उभं करून घेत कर्टिसने 1914 मध्ये एक चित्रपट काढला होता. दुसऱ्याच वर्षी फ्लाहर्टी पती-पत्नी न्यूयॉर्कमध्ये कर्टिसला भेटले आणि त्यांनी तो पाहिला. ‘नानूक’मध्ये जुनं जगणं पुन्हा उभं करण्याची कल्पना आकाशातून पडली नव्हती.

पुढची पिढी तर उघडच एकमेकांच्या खांद्यावर उभी आहे. ब्रिटिश माहितीपटाची पायाभरणी करणाऱ्या जॉन ग्रिअरसनने ‘बॅटलशिप पोटेमकिन’ या रशियन मूकपटाच्या अमेरिकेतल्या प्रदर्शनासाठी इंग्रजी पाट्यांचं काम केलं होतं. त्याचा हेरिंग मासेमारीवरचा ‘ड्रिफ्टर्स’ 1929 मध्ये लंडनच्या फिल्म सोसायटीत पहिल्यांदा दाखवला गेला, तो त्याच ‘पोटेमकिन’सोबत. फ्लाहर्टीच्या ‘लुइझियाना स्टोरी’चा (1948) कॅमेरामन रिचर्ड लीकॉक बारा वर्षांनी केनेडींच्या निवडणूक प्रचारावरच्या, रॉबर्ट ड्रूच्या ‘प्रायमरी’च्या कॅमेरामनांपैकी एक होता.

“प्रभाव म्हणजे नक्कल.”

खरी गफलत इथे आहे. माहितीपटात प्रभाव बहुतेक वेळा भांडणाच्या रूपात येतो, आणि भांडायला समोरच्याचं म्हणणं नीट ऐकलेलं असावं लागतं.

ॲलन रेनेचा ‘नाइट अँड फॉग’ (1956) जेमतेम अर्ध्या तासाचा आहे. नाझी छळछावण्यांची तेव्हाची रिकामी, गवत उगवलेली आवारं रंगीत आणि मधूनमधून युद्धकाळातलं कृष्णधवल चित्रण. प्रेतांचे ढीग त्याच चित्रणात आहेत. आता त्याच्या शेजारी नाझींनी केलेल्या ज्यूंच्या हत्याकांडावरचा क्लोद लान्झमनचा साडेनऊ तासांचा ‘शोआ’ (1985) ठेवा. रिकाम्या जागा इथेही आहेत, पण जुन्या चित्रणाची एकही चौकट नाही. ते सगळं स्वतः पाहिलेली माणसं बोलतात, बस्स. हा नकार ठरवून दिलेला आहे, आणि नाकारायला समोर काहीतरी असावं लागतं. नुसता ‘शोआ’ पाहणाऱ्याला वाटेल, जुनं फुटेज मिळालं नसेल.

त्यातला अब्राहम बोम्बा यांचा प्रसंग पाहा. त्रेब्लिंका या नाझी मृत्युछावणीत गॅस चेंबरमध्ये बायकांचे केस कापण्याचं काम त्यांच्यावर लादलं गेलं होतं. मुलाखतीच्या वेळी ते निवृत्त होते, म्हणून लान्झमनने तेल अवीवमध्ये सलून भाड्याने घेतलं, खुर्चीत गिऱ्हाईक बसवलं आणि बोम्बांच्या हातात कात्री दिली. कात्री चालू आहे तोवर सपाट आवाजात सगळं सांगून होतं. मग एका आठवणीपाशी शब्द अडतात. लान्झमन थांबत नाही, बोला म्हणतो. हे क्रौर्य आहे की साक्ष? मला अजून ठरवता आलेलं नाही. पण हा रचलेला प्रसंग आहे आणि त्यातलं सत्य रचनेमुळेच बाहेर आलं, एवढं नक्की.

दुसरं उदाहरण फ्रेंच माहितीपटकार झाँ रूशचं. फ्लाहर्टी आणि सोव्हिएत माहितीपटकार झिगा व्हर्तोव्ह हे आपले पूर्वज, असं तो उघड सांगायचा. फ्लाहर्टी आपलं चित्रण इन्युइटांना दाखवायचा. रूशने तेच उचललं आणि नायजर नदीवरच्या पाणघोड्याच्या शिकारीचा चित्रपट त्या शिकाऱ्यांच्याच गावात नेऊन दाखवला. शिकारीच्या दृश्यावर त्याने त्यांचंच शिकारगीत घातलं होतं. शिकारी म्हणाले, हे काढा. शिकारीत शांतता लागते, आवाज झाला तर पाणघोडा पळेल. रूशने संगीत काढलं. पुढे समाजशास्त्रज्ञ एदगार मोरँबरोबर ‘क्रॉनिकल ऑफ अ समर’ (1961) करताना, चित्रपटातली माणसं स्वतःला पडद्यावर पाहून वाद घालतात, तो भागही त्याने चित्रपटातच ठेवला. पूर्वजाची एक सवय घेतली आणि तिचं काय करून टाकलं! याला नक्कल म्हणणाऱ्याने एकदा नक्कल करून दाखवावी.

आपल्याकडे आनंद पटवर्धनांचं नातं गनिमी सिनेमाशी, म्हणजे सत्तेच्या नजरेआड केल्या-दाखवल्या जाणाऱ्या राजकीय सिनेमाशी आहे; पुढे त्यांनी त्याचा रीतसर अभ्यासही केला. बिहार आंदोलनावरचा ‘क्रांति की तरंगें’ (1975) तुटपुंज्या साधनांत झाला आणि आणीबाणीत लपूनछपून दाखवला गेला. चित्र खरखरीत असलं तरी चालेल, दाखवणं हाही चित्रपटाचाच भाग, हा धीर अशा सिनेमातून मिळतो.

“आता फोनवर सगळं आहे, जुनं कशाला?”

थोडक्यात उरकतो. तुमच्या एडिटिंग ॲपमध्ये स्थिरचित्रावरून हळूच सरकत, जवळ जात नेणारी एक सोय असते. अ‍ॅपलने तिला ‘केन बर्न्स इफेक्ट’ असं नावच दिलं. हा बर्न्स अमेरिकन माहितीपटकार, आणि तो स्वतः त्याचं श्रेय देतो ‘सिटी ऑफ गोल्ड’ला (1957). कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचा हा चित्रपट कॉलिन लो आणि वुल्फ केनिग यांनी डॉसन शहरातल्या सोन्याच्या धावपळीच्या जुन्या फोटोंवर बांधला. म्हणजे कुणाचा प्रभाव नको म्हणणारा बटण दाबतो तेव्हा दोघांचा प्रभाव घेतो, फक्त नाव माहीत नसतं.

“पण वाइझमन?”

हा मुद्दा वजनदार आहे, मान्य. कायदा शिकवणारा माणूस 1967 मध्ये मनोरुग्ण कैद्यांच्या संस्थेवरचा ‘टिटिकट फॉलीज’ करतो. निवेदन नाही, मुलाखती नाहीत. पण त्याआधी त्याने दिग्दर्शिका शर्ली क्लार्कच्या ‘द कूल वर्ल्ड’ची निर्मिती केली होती, आणि हातात घेऊन फिरता येईल असा ध्वनी-कॅमेऱ्याचा संच ड्रू-लीकॉक मंडळींनी त्याच दशकाच्या सुरुवातीला रुळवला होता. शिवाय तो कादंबऱ्या आणि नाटकं वाचायचा. म्हणजे रचना दुसरीकडून शिकायचा. ‘काही पाहू नका’ म्हणणारे ‘काही वाचा’ हे मात्र सांगायला विसरतात.

आणि एक बाजू या सल्ल्यात येतच नाही. कॅमेऱ्यापुढच्या माणसाने सिनेमे पाहिलेले असतात. जोशुआ ओपनहायमरच्या ‘द ॲक्ट ऑफ किलिंग’मधला (2012) अन्वर काँगो इंडोनेशियातल्या मेदान शहरात थिएटरबाहेर ब्लॅकने तिकिटं विकायचा. 1965-66 च्या तिथल्या हत्याकांडातला हा मारेकरी गच्चीवर उभा राहून तारेने गळा कसा आवळायचो ते करून दाखवतो, आणि ती पद्धत गँगस्टर सिनेमांतून घेतल्याचं सांगतो. ओपनहायमरने त्याला आणि साथीदारांना त्यांच्या आवडत्या सिनेमांच्या थाटात आपले गुन्हे पुन्हा वठवू दिले. माणसांना स्वतःचीच भूमिका करायला लावण्याची ही वाट रूशने आधी पाडली होती. रूशचे माहितीपट आणि अन्वरचे गँगस्टर सिनेमे, हे दोन्ही ज्याला ओळखता येत नाहीत, त्याला अन्वरच्या त्या अभिनयात फक्त एक बढाईखोर म्हातारा दिसला असता.