200 रुपयांचा 'लाइफटाइम' अँटिव्हायरस आम्ही का बसवून देत नाही

राम राम भाऊ. तुम्ही आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानाला एक स्टार देऊन रिव्ह्यूत लिहिलंत, "पाच कॉम्प्युटरला लायसन्स घ्या म्हणतात. बाहेर 200 रुपयांत लाइफटाइम मिळतो. नेटवरचा फुकटवालाही टाकत नाहीत. लूट आहे."

आधी त्या 200 रुपयांचं बोलू. तो क्रॅक असतो, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेली चोरीची कॉपी. टाकताना पहिलं सांगतात, चालू आहे ते संरक्षण बंद करा. कुलूप बसवायला आलेल्यानेच दार उघडं ठेवा म्हणावं, तसला प्रकार. बऱ्याचदा क्रॅकच्या फाइलमध्येच व्हायरस असतो, आणि अपडेट नीट येत नसतील तर नवीन रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, त्याला कुठून कळणार? शिवाय जाणूनबुजून चोरीचा प्रोग्राम वापरला तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 63बी खाली 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड आहे. हे काम जळगावात दुसरं कोणी करून देत असेल तर देवो, आम्ही नाही.

अवास्ट, एव्हीजी यांचे फुकटचे अँटिव्हायरस कायदेशीर आहेत, पण घरच्या वापरापुरते. त्यांच्या अटींतच तसं लिहिलंय. तुमच्या डाळ मिलच्या बिलिंगच्या मशीनवर ते चालत नाहीत.

आता तुमच्या रिव्ह्यूत जे आलंच नाही ते. पाचही मशीनला विकत घ्या असं आमचं म्हणणं नव्हतं. विंडोज 11 च्या तीन मशीनमध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा विंडोजसोबतच येणारा अँटिव्हायरस आहेच. त्याचे वेगळे पैसे नाहीत, आणि ऑफिसात वापरायला बंदीही नाही. त्यातल्या फक्त एका मशीनला, जिच्यावर टॅली आणि बँकेचं काम चालतं, विकतचं घ्या असं सुचवलं होतं. पुढे जास्त मशीनला घ्यायचं झालं तर सुटे बॉक्स घेऊ नका. पुण्याच्या क्विक हीलसारख्या कंपन्यांचे तीन वर्षांचे, जास्त मशीनचे पॅक असतात, ते दर मशीनमागे स्वस्त पडतात. बिल जीएसटी नंबर टाकूनच घ्या, क्रेडिटचं तुमचे सीए बघतील.

खरी काळजी उरलेल्या दोन विंडोज 10 च्या मशीनची आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेची नेहमीची अपडेट देणं, थांबवलं. विंडोजमधलीच भोकं उघडी राहिली तर महागडा अँटिव्हायरसही किती पुरणार? 2017 च्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरच्या वेळी दुरुस्तीचं अपडेट मार्चमध्ये आलेलं होतं, हल्ला मे महिन्यात झाला, आणि ज्यांनी अपडेट घेतलं नव्हतं ते अडकले. तेव्हा या दोन मशीनवर विंडोज 11 चढत असेल तर चढवू. नाही चढलं तर त्यांना इंटरनेटपासून तोडून नुसत्या वजनकाट्याच्या नोंदीला ठेवा.

आणि टॅलीचा बॅकअप रोज बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. घेतला की डिस्क काढून कपाटात. लावून ठेवलेली डिस्कही रॅन्समवेअर लॉक करतं.

गोलाणी मार्केटात दुकान दुपारनंतर उघडंच असतं. विंडोज 10 ची दोन्ही मशीनं घेऊन या. विंडोज 11 चढतं की नाही ते बघायचे पैसे घेत नाही.