अपग्रेडचा भाव लपवला, या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार दादा. बेळगावच्या आमच्या दुकानाला एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की फोटोशॉपसाठी, म्हणजे अ‍ॅडोबी कंपनीच्या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरसाठी, आम्ही पूर्ण भाव सांगितला, तुमच्याकडे जुनं लायसन्स असताना अपग्रेडचा भाव लपवला, नेटवर तेच चाळीस टक्के स्वस्त आहे आणि वर आम्ही जीएसटी लावतो. खानापूर, निपाणी, चंदगडकडून येणारे स्टुडिओवालेही हेच विचारतात, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतोय.

तुमच्याकडे आहे ते सीएस सिक्स, फोटोशॉपची २०१२ ची आवृत्ती. त्या काळात सॉफ्टवेअरची डबी कायमची विकत मिळायची आणि जुन्या डबीचा नंबर दिला की नवीन आवृत्ती कमी भावात यायची. २०१३ मध्ये अ‍ॅडोबीने ती पद्धत बंद केली आणि पुढचं फोटोशॉप फक्त सबस्क्रिप्शनवर, म्हणजे महिन्याच्या किंवा वर्षाच्या भाड्यावर द्यायला सुरुवात केली. जुनी डबी असलेल्यांना सुरुवातीला पहिल्या वर्षापुरती सूट होती, ती संपूनही बरीच वर्षं झाली. आज सीएस सिक्सच्या नंबरावर एक रुपयाही कमी होत नाही, आमच्याकडेही नाही आणि कंपनीच्या साइटवरही नाही. तो भाव असता तर पहिल्यांदा आम्हीच सांगितला असता, कारण त्याने आमचंच गिऱ्हाईक वाढलं असतं.

आता चाळीस टक्क्यांचं. तुम्ही मोबाइलवर दाखवलेल्या जाहिरातीत ‘लाइफटाइम फोटोशॉप’ असं लिहिलं होतं. नवीन फोटोशॉप कंपनी स्वतः लाइफटाइम विकतच नाही, मग दुसरा कोण विकणार? अशा ठिकाणी एक तर क्रॅक, म्हणजे लायसन्स तोडलेली चोरटी प्रत देतात, नाहीतर कुठल्या तरी संस्थेच्या किंवा कॉलेजच्या खात्यात तुमचा ईमेल घुसवून देतात. तिथल्या अ‍ॅडमिनने नाव काढलं की तुमचं फोटोशॉप बंद. ऐन लग्नाच्या आठवड्यात अल्बम अर्धा डिझाइन झालेला असताना असं झालेले लोक काउंटरवर येतात, तेव्हा आम्हालाही वाईट वाटतं, कारण हातात काहीच करण्यासारखं नसतं. म्हणून ती वस्तू आम्ही ठेवत नाही आणि कुणी घेऊन आलं तर इन्स्टॉल करूनही देत नाही.

खरं नुकसान होतं ते दुसरीकडेच, आणि त्याच्याबद्दल फार कमी लोक बोलतात. प्लॅन निवडताना स्क्रीनवर तीन पर्याय येतात: दर महिन्याचा, वर्षाचा पण हप्ते महिन्याला, आणि वर्षाचे पैसे एकदम. मधला पर्याय स्वस्त दिसतो म्हणून सगळे त्यावरच बोट ठेवतात. आपल्याकडे हिशोब असा असतो की तुळशीचं लग्न झालं की घ्यायचं आणि पाऊस लागला की बंद करायचं. पण त्या मधल्या पर्यायात करार वर्षाचा असतो. पहिल्या १४ दिवसांत रद्द केलं तर पैसे परत मिळतात. त्यानंतर रद्द केलं तर उरलेल्या हप्त्यांच्या निम्मी रक्कम भरावी लागते. आठव्या महिन्याला बंद केलं तर चार हप्ते उरतात, म्हणजे दोन हप्त्यांचे पैसे फुकट जातात. हेच शुल्क गिऱ्हाइकापासून लपवलं जातं, असा आरोप करत, ग्राहकांचं हित बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनच्या सांगण्यावरून अमेरिकेच्या न्याय खात्याने जून २०२४ मध्ये अ‍ॅडोबीवर खटला भरला होता. काउंटरवर तो बारीक इंग्रजी मजकूर आम्ही मराठीत, कानडीत वाचून दाखवतो तो याचसाठी. तुम्हाला त्यात वेळ गेल्यासारखं वाटलं असेल, पण पैसे तिथेच वाचतात.

सूट कुठे मिळते, तेही इथे सगळ्यांसाठी लिहितो. नोव्हेंबरच्या शेवटी ब्लॅक फ्रायडेला बहुतेक कंपन्या भाव उतरवतात आणि तो काळ आपल्या लग्नसराईच्या तोंडावरच येतो. घाई नसेल तर तोपर्यंत थांबा, असं आम्ही स्वतः सांगतो. घरात कुणी कॉलेजला असेल तर त्याच्या नावावर विद्यार्थी भाव मिळतो, पण पहिल्या वर्षानंतर तो वाढतो, ती तारीख लिहून ठेवा. अपग्रेडचा खरा भाव हवा असेल तर डीएक्सओ फोटोलॅब हे दुसऱ्या कंपनीचं फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर बघा, आधीच्या दोन आवृत्त्यांवाल्यांना ते नवीन आवृत्ती कमी किमतीत देत आलेत. फोटोशॉप एलिमेंट्स, म्हणजे फोटोशॉपचं छोटं रूप, मात्र कायमचं समजून घेऊ नका, २०२५ च्या आवृत्तीपासून ते तीन वर्षांच्या मुदतीचं आहे.

आणि खर्चच करायचा नसेल तर? अ‍ॅफिनिटी हे फोटो-डिझाइनचं सॉफ्टवेअर ऑक्टोबर २०२५ पासून फुकट आहे, ते चालवणाऱ्या कॅनव्हा कंपनीचं खातं काढलं की झालं. पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या फायली, त्यात उघडतात, पण फोटोशॉपचे अ‍ॅक्शन (एका क्लिकवर चालणाऱ्या साठवलेल्या कृती) चालत नाहीत, त्यामुळे अल्बमवाल्यांनी आधी दोन-चार पानं करून बघावीत. कॅमेऱ्यातल्या कच्च्या, म्हणजे रॉ फायलींसाठी निकॉनचं एनएक्स स्टुडिओ आणि कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल फुकटच मिळतं. डार्कटेबलही तसंच. यात आम्हाला एक पैसा मिळत नाही, तरी आम्ही ते इन्स्टॉल करून देतो.

जीएसटी १८ टक्के आहे, बेळगावातही आणि पलीकडे कोल्हापुरातही. कर्नाटकातल्या गिऱ्हाइकाच्या बिलावर तो नऊ-नऊ असा दोन भागांत दिसतो, महाराष्ट्रातल्या चंदगडच्या नोंदणीकृत स्टुडिओच्या बिलावर आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीचा जीएसटी, म्हणून एकत्र. बेरीज तीच. तुमचा जीएसटी नंबर असेल आणि तुम्ही कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यावसायिकांच्या सोप्या कर योजनेत) नसाल तर तो इनपुटमध्ये वळता होतो, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होतो. बिनबिलाच्या मालावर ते होत नाही.

तुम्ही ते चाळीस टक्क्यांचं घेतलंच असेल तर आज एक काम करा. अ‍ॅडोबीचं खातं उघडा आणि प्रोफाइलमध्ये तुमचं वैयक्तिक खातं दिसतंय की कुठल्या संस्थेचं नाव, ते बघा. संस्थेचं असेल तर क्लाउडवर ठेवलेल्या फायली आधी स्वतःच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. काही अडलं तर लॅपटॉप घेऊन दुकानात या, तपासून देऊ. त्याचे पैसे घेत नाही.