दादरहून दादरला

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेट्रोचा विषय निघाला की दोन दिवस तरी तो संपत नाही. दादा डोंबिवलीचा. भुयारी मेट्रोवर जेवढा पैसा ओतला तेवढ्यात लोकलचं काय काय झालं असतं, हा त्याचा ठरलेला मुद्दा. भाचा मरोळला राहतो आणि बीकेसीत नोकरी करतो. त्याला हे ऐकवत नाही. ‘मामा, एकदा बसून तर बघ,’ म्हणत तो गार, चकचकीत डब्याचा फोटो टाकतो. माहीमची आत्या म्हणते, ‘पाताळात उतरा, चाला, परत वर या, तेवढ्यात माझी बस पोचते.’ आणि मग कोणीतरी मला त्यात ओढतं: ‘तू सांग गं, तुझ्या न्यूयॉर्कात कसं असतं?’

मी राहते जर्सी सिटीत, कामाला जाते हडसन नदीपलीकडे मॅनहॅटनला. काहीही बोललं तरी ‘तिथे बसून बोलायला काय जातंय’ हे उत्तर तयार असतं, आणि ते खोटं नाही. मुंब्र्याच्या वळणावर दारात लोंबकळतो तो दादा, मी नव्हे. २०२५च्या जूनमध्ये त्याच वळणावर गर्दीच्या लोकलमधून पडून माणसं गेली. त्या दिवशी त्याचा ‘पोचलो’ हा मेसेज येईपर्यंत मी इथे काय करत होते ते मला आठवतही नाही. तेव्हा बाहेरून शहाणपण शिकवण्याचा हक्क आपल्याला नाही, हे मान्य. पण दोन्हीकडचं पाहून माझं एक मत झालंय. मुंबईतलं भांडण नेहमी मार्गिकांवरून होतं: कुठली आधी, कुठून कुठे, किती कोटींत, कारशेड आरेला की कांजूरला. दोन मार्गिका एकमेकींना भेटतात तिथे प्रवाशाचं काय होतं, ह्यावरून कोणी भांडत नाही. आणि जीव जातो तो तिथेच. कधी कधी अक्षरशः.

पण आधी न्यूयॉर्कचा दबदबा थोडा उतरवते. तिथल्या सेकंड ॲव्हेन्यूखालच्या भुयारी मार्गाची घोषणा झाली १९२९ साली. मग महामंदी आली, मग युद्ध. १९७२मध्ये कुदळ पडली, १९७५मध्ये शहराचं दिवाळं निघायची वेळ आली म्हणून काम थांबलं, २००७मध्ये पुन्हा सुरू झालं आणि १ जानेवारी २०१७ला पहिला टप्पा उघडला. नवी स्थानकं तीन, खर्च साडेचार अब्ज डॉलरच्या घरात. आपली कुलाबा-वांद्रे-सीप्झ, म्हणजे मेट्रो ३, साडेतेहतीस किलोमीटरची. स्थानकं २७, त्यांतली २६ जमिनीखाली. तिचा खर्च ३७ हजार कोटींच्या आसपास गेला, म्हणजे डॉलरमध्ये मांडला तर जवळपास तेवढाच. मजुरीचा फरक धरला तरी हा हिशेब दादाला एकदा शांतपणे वाचायला लावायचा आहे. शिवाय आपल्या भुयारी स्थानकांत फलाटाला काचेचे दरवाजे आहेत, प्रत्येक स्थानकाला लिफ्ट आहे. न्यूयॉर्कच्या ४७२ स्थानकांपैकी बहुसंख्य स्थानकांना आजही लिफ्ट नाही. त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २०२२मध्ये तडजोड ठरली ती अशी की २०५५पर्यंत ९५ टक्के स्थानकांत सोय करू. तोपर्यंत व्हीलचेअरवाल्याने काय करायचं ते त्यानेच बघायचं.

मे २०२५मध्ये वरळीच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी घुसलं तेव्हाही ग्रुपवर टोमणे आले. मी काहीच लिहिलं नाही, फक्त सप्टेंबर २०२१चे न्यूयॉर्कचे व्हिडिओ टाकले. आयडा वादळाच्या रात्री स्थानकांच्या जिन्यांवरून धबधबे वाहत होते. जमिनीत भुयार खणणाऱ्या प्रत्येक शहराला हे कधीतरी भोगावं लागतं. त्यावर जास्त बोलण्यात अर्थ नाही.

न्यूयॉर्ककडून शिकण्यासारखं दुसरंच आहे, आणि ते त्यांच्या चुकांतून. न्यूयॉर्कचा भुयारी रेल्वेमार्ग १९०४ला सुरू झाला, पण तो एका शहराने आखलेला नव्हता. दोन खासगी कंपन्या होत्या, आणि तिसरं जाळं महापालिकेने स्वतः बांधलं, तेही बऱ्याच अंशी त्या दोघींवर मात करायला. १९४०च्या जूनमध्ये तिन्ही एकत्र आली. कागदावर. जमिनीखाली ती तीनच राहिली. एका कंपनीची भुयारं अरुंद होती, म्हणून आजही अंकांनी ओळखल्या जाणाऱ्या गाड्या अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या गाड्यांपेक्षा अरुंद आहेत. नकाशा एकच, पण अक्षरांच्या रुंद गाड्या अंकांच्या अरुंद भुयारांत चालवता येत नाहीत.

प्रवाशाने ह्याची किंमत किती वर्षं मोजली ते मॅनहॅटनच्या ब्लीकर स्ट्रीट स्थानकावर बघावं. इथे दोन जुन्या जाळ्यांतली स्थानकं अगदी लगत आहेत. १९५७मध्ये त्यांना जोडणारी वाट काढली, पण ती फक्त दक्षिणेकडे जाणाऱ्या फलाटावरून. उत्तरेकडे जायचं असेल तर वर रस्त्यावर यायचं आणि पुन्हा पैसे भरून आत शिरायचं. ही चूक दुरुस्त झाली २०१२ साली. पंचावन्न वर्षं लोक डोक्यावर पाऊस घेत हा रस्ता ओलांडत होते, कारण मूळ आराखडा काढणारे दोन वेगळ्या कचेऱ्यांत बसले होते. ब्रुकलिनमध्ये ‘जे स्ट्रीट’ स्थानकाला असाच जोडमार्ग २०१०मध्ये झाला, क्वीन्समध्ये कोर्ट स्क्वेअरला २०११मध्ये. प्रत्येक जोड काही पावलांचा, आणि प्रत्येकाला अर्धं शतक किंवा त्याहून जास्त.

आणि आमच्या नदीखालून जाणारी पाथ गाडी? तिचा कारभार वेगळ्या प्राधिकरणाकडे. तेहतिसाव्या रस्त्यावर ती जमिनीखालीच थांबते, समोर न्यूयॉर्कच्या गाड्यांची फाटकं दिसत असतात. इकडच्या फाटकातून बाहेर यायचं, तिकडच्यात परत कार्ड टेकवायचं, भाडं परत पूर्ण. वर छप्पर एकच, पण गल्ले दोन.

हे वाचून मुंबईकराने हसू नये. दादर स्थानकात मध्य आणि पश्चिम रेल्वेचे फलाट एकाच पुलाखाली शेजारीशेजारी आहेत. तरी दोघांचे क्रमांक आपापले, एकपासून सुरू होणारे. नवखा माणूस ‘चार नंबर’ ऐकून भलत्याच फलाटावर उतरायचा. सलग क्रमांक द्यायला २०२३चा डिसेंबर उजाडला. रुळ हलवायचे नव्हते, पाट्या रंगवायच्या होत्या.

आता त्याच दादरला भुयारी मेट्रोही आली आहे. मागच्या सुट्टीत भाच्याने मला मुद्दाम तिने नेलं. स्थानक खरंच देखणं. सरकत्या जिन्यांनी वर आलो तर समोर गोखले रोड. दादाला भेटायला डोंबिवलीची गाडी पकडायची होती, म्हणजे रेल्वेचं दादर गाठायचं. संध्याकाळची वेळ, रानडे रोडला पाय ठेवायला जागा नाही. फुलपुड्या, हातरुमालाचे ढीग, ‘ताई घ्या ना’ करणारे कुर्तीवाले, मधूनच घुसणारी दुचाकी. माझ्या हातात चाकांची बॅग, तिचं एक चाक दर दहा पावलांवर गटाराच्या झाकणात अडकणारं. भाचा पुढे जाऊन वाट करतोय, मी मागून ‘जरा सरका हो’ करतेय. मग रेल्वेचा पूल, त्याचे जिने, आणि पलीकडे मध्य रेल्वेचा फलाट. गार डब्यात मिळालेला आराम तिथवर पोचेपर्यंत घामात निघून गेला. मला हे गमतीचं वाटलं, कारण मी सुट्टीवर होते. आत्याच्या गुडघ्यांना वाटणार नाही.

एल्फिन्स्टन रोडचा पूल आठवतो ना? २९ सप्टेंबर २०१७. परळ आणि एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताचं प्रभादेवी, एक मध्य रेल्वेचं, एक पश्चिमेचं. गिरण्या गेल्या, त्या जागी कार्यालयं आली, माणसं अनेक पटींनी वाढली, आणि दोन रेल्वेंच्या मधली वाट मात्र तेवढीच चिंचोळी राहिली. पाऊस आला, लोक जिन्यावर थांबले, चेंगराचेंगरी झाली, २३ जण गेले. नंतर लष्कराला बोलावून काही महिन्यांत नवा पूल उभा केला. काही महिन्यांत होण्यासारखं काम होतं ते. गाड्या त्या दिवशीही धावत होत्या. माणसं मेली ती दोन गाड्यांच्या मधल्या जागेत.

म्हणून मला घाटकोपर-वर्सोव्याची मेट्रो १ ही मुंबईतली सगळ्यात शहाणी मार्गिका वाटते. जेमतेम ११.४ किलोमीटर, १२ स्थानकं, २०१४पासून सुरू. रोज चार लाखांहून जास्त माणसं तिने जातात. तिच्या जवळपास तिप्पट लांबीच्या भुयारी मार्गिकेला, पूर्ण उघडल्यावरच्या सुरुवातीच्या महिन्यांत, त्याच्या निम्मीही गर्दी नव्हती. भाचा म्हणतो, नवी आहे, वेळ द्या. देऊया. तिचं भाडं दहापासून सत्तर रुपयांपर्यंत आहे, तेही एक कारण असणार. पण मेट्रो १चं यश तिच्या जागेत आहे: एका टोकाला मध्य रेल्वे, मध्ये अंधेरीला पश्चिम रेल्वे, दोन्हीकडे पुलावरून थेट उतरता येतं. पूर्वी ज्याला घाटकोपरहून अंधेरीला जायचं तो दादरला वळसा घालायचा किंवा बसमध्ये साकीनाक्याला अडकायचा. घाटकोपरच्या पुलावर संध्याकाळी जी रेटारेटी होते ती काही कौतुकाची नाही. पण जोड चुकीच्या जागी पडला म्हणून नव्हे, तो अपुरा पडला म्हणून ती होते.

तिकिटाचं काय? मेट्रो १ एका कंपनीकडे, २अ आणि ७ दुसऱ्या महामंडळाकडे, ३ तिसऱ्याकडे, लोकल दोन रेल्वेंकडे, बेस्ट महापालिकेकडे. ह्या सगळ्यांवर एक प्राधिकरण हवं ही चर्चा मी भारतात असल्यापासून ऐकतेय. ऑक्टोबर २०२५मध्ये ‘मुंबई वन’ ॲप आलं, अकरा वाहतूक सेवांचं तिकीट एकाच जागी. चांगली सुरुवात. (नेमकी तेव्हा भुयारात मोबाइलला रेंज नव्हती, हा आपला खास मुंबई विनोद.) पण एका क्यूआर कोडमध्ये तीन भाड्यांची बेरीज करून दिली तर तो सोयीचा भाग झाला, स्वस्ताईचा नाही. न्यूयॉर्कने १९९७मध्ये बस आणि भुयारी रेल्वे मिळून एकच भाडं केलं. त्याआधी जे स्थानकापासून लांब राहायचे, म्हणजे बहुतेक गरीब, तेच रोज दोनदा पैसे मोजायचे. एक भाडं झाल्यावर बसची गर्दी वाढली, आणि शहर काही बुडालं नाही.

बेस्टचं तर बोलायलाच नको. एकेकाळी चार हजारांवर गाड्या होत्या, आता तीन हजारांच्याही खाली. मे २०२५मध्ये किमान भाडं पाचाचं दहा झालं. आत्याची बस वीस-वीस मिनिटं येत नाही, तरी ती बसचीच बाजू घेते, कारण बस बिल्डिंगच्या दारात थांबते. मेट्रोच्या स्थानकापर्यंत लोकांना आणून सोडणारी हीच एक स्वस्त गोष्ट शहराकडे होती, आणि मेट्रो वाढत असतानाच ती आटत गेली. हा माझ्या मते ह्या दशकातला सगळ्यात वेडगळ निर्णय, आणि तो कुणी एका दिवशी घेतलेलाही नाही.

पुढच्या प्रस्तावांपैकी माझं मत विचाराल तर मेट्रो ६. स्वामी समर्थ नगरहून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरून कांजूरमार्ग, विक्रोळीकडे. विमानतळ ते विमानतळ मेट्रोइतकी ती बातमीत नसते. पण वाटेत ती २अ, ७, ३ आणि ४ ह्यांना भेटते, शिवाय कांजूरला मध्य रेल्वेला. न्यूयॉर्कमध्येही सध्या ब्रुकलिन आणि क्वीन्सला आडवं जोडणारा असाच चौदा मैलांचा मार्ग प्रस्तावित आहे, तोही जुन्या मालगाडीच्या रुळांलगत, आणि त्याची जाहिरात करताना ‘सतरा मार्गांपर्यंत जोडणी’ हे ठळकपणे सांगतात. आपली ६ नंबर मात्र कांजूरच्या जमिनीच्या भांडणात कारशेडपायी अडकून राहिली.

ती उघडेल तेव्हा कांजूरमार्गच्या मेट्रो स्थानकातून रेल्वेच्या पुलावर सरळ पाऊल पडेल की खाली उतरून रिक्षावाल्यांच्या गर्दीतून जावं लागेल, हे आत्ताच विचारायला हवं. तसंच वडाळ्याहून सीएसएमटीकडे येणाऱ्या ११ नंबरचं. पूल, जिना, भुयारी वाट हे सगळं स्थानकाच्या निविदेतच असावं, नंतरच्या वेगळ्या कामात नको. ‘नंतर’ म्हणजे काय ते ब्लीकर स्ट्रीटवर दिसतं. आणि पूल तयार नसेल तर स्थानकाची फीत कापू नये. त्यापायी एखादं उद्घाटन दोन-तीन महिने पुढे ढकललं तर माझी हरकत नाही. दादाचीही नसावी, त्याचा राग मुळात उद्घाटनांवरच आहे.